मिनीबाइकचं जुनं इंजिन आधी सुरू करून पाहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुनी मिनीबाइक घरच्या घरी पुन्हा उभी कशी करावी, यावर लेख आला होता. विषय माझ्या जिव्हाळ्याचा, म्हणून दोनदा वाचला. एवढ्याशा यंत्राला अर्धं पान मिळालं याचा आनंद झाला. पण त्यात दिलेल्या तीन सल्ल्यांनी मला स्वस्थ बसू दिलं नाही. जुना रंग कोरडाच घासून काढा, जुनं इंजिन टाकून साडेसहा अश्वशक्तीचं नवं बसवा, आणि वेग हवा असेल तर गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारा भाग, काढून टाका. तिन्ही सल्ले घातक आहेत. लेख वाचून उद्या कुणी पाना हातात घेईल, त्याच्या आधी हे पत्र त्याच्यापर्यंत पोचावं अशी इच्छा आहे.

चौतीस वर्षं मी फिटर म्हणून काम केलं. दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या एका गृहस्थांनी घर रिकामं करताना अडगळीतली एक मिनीबाइक मला दिली. गुडघ्याच्या वर जेमतेम येणारी. एक इंची नळी वाकवून जोडलेली चौकट, दोन ठेंगणी चाकं, फाटकं आसन आणि मध्ये इंजिन. मागे स्प्रिंग नाही, दिवा नाही, पुढच्या चाकाला ब्रेक नाही. बनवणाऱ्याच्या नावाचा कागदी शिक्का झिजून गेलेला. इंजिनावर मात्र ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन हे नाव पत्र्यातच उठवलेलं, त्यामुळे ते टिकलं. गृहस्थ म्हणाले, "इंजिन मेलंय हो, चौकट तेवढी वापरा." तुमच्या लेखकाचंही साधारण तेच म्हणणं आहे. पन्नास वर्षं पडून राहिलं म्हणजे मेलं.

मी आधी नंबर शोधला. पंख्यावरच्या पत्र्याच्या झाकणावर तीन आकडे ठोकलेले असतात: मॉडेल, टाइप आणि कोड. रॉकेलात बुडवलेल्या फडक्यानं पुसत गेलो तसे ते एकेक करून वर आले. मॉडेलचा पहिला आकडा ८, म्हणजे आठ घनइंचांच्या गटातलं, साधारण १२७ सीसीचं, तीन अश्वशक्तीचं. कोडचे पहिले सहा आकडे ६९०५२२. वर्ष, महिना, दिवस या क्रमानं वाचायचं. २२ मे १९६९. माझी नात शेजारी बसली होती. ती म्हणाली, "आजोबा, याला वाढदिवस आहे!" त्या क्षणापासून ते इंजिन भंगारात देणं आमच्या घरात शक्य नव्हतं.

हे इंजिन का राखावं, ते समजायला मिनीबाइकचा इतिहास थोडा पाहावा लागतो. छोट्या चौकटीत छोटं इंजिन बसवण्याची कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी छत्रीधारी सैनिकांसाठी वेलबाइक नावाची दुचाकी केली. व्हिलियर्सचं ९८ सीसीचं इंजिन, आणि हँडल-आसन दुमडलं की सगळी गाडी पॅराशूटनं टाकायच्या नळकांड्यात मावायची. जपानात होंडानं १९६१ मध्ये टामा टेक या करमणूक उद्यानातल्या मुलांसाठी ४९ सीसीची छोटी गाडी केली आणि त्यातून पुढे मंकी बाइकचं घराणं निघालं. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या शेवटी मिनीबाइकची लाट आली, तिची गोष्ट निराळी. तिथे रप, बोनान्झा यांच्यासारखे कितीतरी कारखाने नळ्या वाकवून चौकटी करत आणि इंजिन ब्रिग्ज किंवा टेकमसे या इंजिन कंपन्यांकडून आणून बसवत. गवत कापणारं यंत्र, पाण्याचा पंप, छोटा जनरेटर यांना जे इंजिन, तेच इथे. चौकट, साखळी, क्लच, ब्रेक हे सगळं त्या दोन-अडीच-तीन अश्वशक्तीच्या अंदाजानं ठरलेलं होतं. म्हणून इंजिन बदललं की बाकीचा सगळा हिशोब बदलतो. पण त्याकडे येण्याआधी ते मेलेलं इंजिन कसं निघालं, ते सांगतो.

पडून राहिलेल्या इंजिनाची सुरू करायची दोरी पहिल्याच दिवशी ओढू नये. मी प्लग काढला, त्या भोकातून चमचाभर तेल सिलिंडरमध्ये सोडलं आणि एक रात्र तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या दांड्यावरचं जड चाक, हातानं हळूहळू फिरवलं. सुरुवातीला जड, मग मोकळं. पिस्टन अडकलेला नव्हता. प्लग परत लावून फ्लायव्हील उलट्या दिशेनं झटक्यानं फिरवलं, तर ते दाबाला धडकून जोरात मागे उसळलं. या इंजिनांत दोरी ओढायला सोपं जावं म्हणून फिरण्याच्या वेगावर थोडा दाब मुद्दाम सोडण्याची व्यवस्था असते. त्यामुळे दाबमापक लावला तर आकडा कमी दिसतो आणि माणूस उगाच पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणून बसतो. उलटी उसळी हीच इथली खरी परीक्षा.

दाब आहे, मग ठिणगी बघायची. ठिणगी नव्हती. अशा जुन्या इंजिनात पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच, फ्लायव्हीलच्या खाली, छोट्या पत्र्याच्या डबीत असतात. फ्लायव्हील काढायला पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचं अवजार, वापरावं. तरुणपणी मी घाईत एका फ्लायव्हीलला हातोडी मारली होती. पंख्याचं एक पातं तुटलं आणि तोल गेल्यानं ते फ्लायव्हील कायमचं निकामी झालं. ती चूक अजून आठवते, म्हणून या कामाला पुन्हा हातोडी लावली नाही.

डबी उघडली तर पॉइंटच्या दोन टिकल्यांवर राखाडी थर. तो डोळ्यांना नीट दिसतही नाही, पण वीज अडवायला पुरतो. बारीक पॉलिश पेपरचे दोन हात, मग स्वच्छ पुठ्ठ्याची पट्टी टिकल्यांमध्ये धरून ओढली. पुठ्ठा काळा झाला. तो पांढरा निघेपर्यंत ओढत राहिलो. पॉइंट पूर्ण उघडे असताना फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्टीनं) अंतर ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर ठेवलं. फ्लायव्हील लावलं, अंधार केला, नातीला म्हटलं नीट बघ. ठिणगी आली. पण पिवळट, मरगळलेली, आणि दोनदा फिरवलं तर एकदाच.

इथे बहुतेक लोक पॉइंटसोबतचा कंडेन्सर बदलतात, मग ठिणगीची वीज तयार करणारी कॉइल बदलतात, आणि तरी जमलं नाही की इंजिन फेकतात. मीही कंडेन्सर बदलून पाहिला, फरक पडला नाही. मग पुन्हा फ्लायव्हील काढलं आणि आधी ज्याच्याकडे नीट पाहिलं नव्हतं तो भाग भिंगाखाली धरला. फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरता दांडा) यांच्यामध्ये एक चौकोनी 'की', म्हणजे लहानशी खुंटी, असते. माझ्या बोटाच्या पेराहून लहान, मऊ धातूची. ती मधोमध सरकली होती. वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्या भागापासून जेमतेम एक मिलिमीटर पुढे. नुसत्या डोळ्यांना सरळच दिसली असती. नखानं चाचपली तेव्हा पायरी लागली.

आता याचा अर्थ बघा. या इंजिनात पॉइंट उघडतात ते क्रँकशाफ्टच्या दांड्यावरच्या सपाट भागामुळे, आणि चुंबक असतं फ्लायव्हीलमध्ये. पॉइंट नेमके उघडतात त्याच क्षणी चुंबक कॉइलसमोर योग्य जागी असलं पाहिजे, तरच ठिणगीत जोर येतो. की एक मिलिमीटर सरकली की दोघांची वेळ चुकते. पॉइंट चांगले, कॉइल चांगली, चुंबक चांगलं, आणि तरी ठिणगी मरगळलेली. कुणीतरी कधीतरी फ्लायव्हील पुरतं आवळलं नसावं, एवढंच त्या इंजिनाचं मरण होतं.

की मऊ धातूची असते ती मुद्दाम. फ्लायव्हीलला धक्का बसला तर की जावी, क्रँकशाफ्ट वाचावा. म्हणून तिच्या जागी पोलादी तुकडा कानसून बसवू नये. आणि फ्लायव्हीलला धरून ठेवणं हे कीचं काम नाहीच. निमुळता दांडा आणि निमुळतं भोक यांची घट्ट पकड ते काम करते. की फक्त जागा दाखवते. दोन्ही पृष्ठभाग कोरडे, तेलाचा थेंब न ठेवता पुसून घ्यायचे आणि नीट आवळायचं. मी नवी की बसवली. या खेपेला ठिणगी निळी आली आणि तिचा चट् असा आवाज खोलीत ऐकू आला.

पुढे पेट्रोलचं काम. टाकीत तळाला वार्निशासारखा वास येणारा चिकट थर होता. या इंजिनाचा कार्ब्युरेटर टाकीच्या डोक्यावरच बसलेला असतो आणि त्यात रबरी कापडाचा एक पातळ पडदा असतो. इंजिन हवा ओढताना जे धक्के बसतात त्यांवर तो पडदा फडफडतो आणि पेट्रोल वर खेचतो. पन्नास वर्षांनी तो वाळल्या पानासारखा कडक झाला होता. टाकीत थोडं रॉकेल आणि मूठभर नट टाकून हलवत राहिलो, तीन वेळा धुतली, नटांची संख्या आत टाकताना आणि बाहेर काढताना मोजली. नवा पडदा, नवी गॅस्केट. तेल ओतलं. तिसऱ्या ओढीला इंजिन लागलं, आधी खोकत, मग धूर ओकत, आणि मिनिटभरानं धूर विरला तशी एकसारखी टक-टक सुरू झाली. नात टाळ्या वाजवत होती. मी पाना हातात धरून तसाच उभा होतो.

खर्च झाला तो एक की, एक पडदा, दोन गॅस्केट, एक प्लग, एक कंडेन्सर आणि तेल. कंडेन्सर तर लागलाही नसता.

आता साडेसहा अश्वशक्तीच्या इंजिनाबद्दल. ते इंजिन चांगलंच असतं, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण ही चौकट त्याच्यासाठी नाही. माझ्या गाडीचा ब्रेक म्हणजे एक लोखंडी पट्टी. पायानं दाबली की मागच्या टायरवर घासते. अशा बऱ्याच जुन्या मिनीबाइकना एवढाच ब्रेक असे. टायर ओला झाला की तोही नसल्यासारखा. गव्हर्नर काढण्याचा सल्लाही याच ब्रेकमुळे घातक ठरतो. हिशोब करून पाहू. क्लचला दहा दाते, मागच्या चक्राला साठ, म्हणजे सहास एक. गव्हर्नर इंजिनाला मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या आसपास रोखतो, तेव्हा चाक ६०० फेऱ्या मारतं. दहा इंची टायरचा परीघ जवळपास ऐंशी सेंटिमीटर. म्हणजे मिनिटाला ४८० मीटर, ताशी २९ किलोमीटर. गव्हर्नर काढून तेच इंजिन ५५०० वर नेलं तर ताशी ४४. वेग दीडपट झाला, पण थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे सव्वादोन पटींहून जास्त. ती सगळी त्या एका लोखंडी पट्टीनं गिळायची आहे, आणि वर बसलेलं असतं बहुधा लहान मूल.

हा धोका रस्त्यावरचा झाला. इंजिनाच्या आतला वेगळाच. या इंजिनांत तेलाचा पंप नसतो. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या खालचं पळीसारखं टोक तेलात बुडून ते उडवतं, त्यावर सगळं चालतं. रॉड ॲल्युमिनियमचा, त्यात वेगळी बेअरिंग नाही. ठरलेल्या वेगाच्या वर नेलं की रॉड तुटून केसिंग फोडू शकतो. फ्लायव्हील फुटलं तर त्याचे तुकडे बसणाऱ्याच्या पायांच्या मध्येच असतात. माझ्या इंजिनातला गव्हर्नर म्हणजे पंख्याच्या वाऱ्यावर हलणारं एक पातळ पातं, एक तार आणि एक नाजूक स्प्रिंग. इतकी साधी वस्तू की ती कुणालाही निरुपयोगी वाटावी. ती काढू नका. तिची स्प्रिंग ताणूही नका, तार वाकवूही नका. उघडण्यापूर्वी कोणतं टोक कोणत्या भोकात आहे याचा फोटो काढून ठेवा.

तिसरी गोष्ट रंगाची, आणि तिच्यासाठीच हे पत्र टाळता आलं नाही. १९६०-७० च्या दशकांतल्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगांतल्या शिशावर बंदी आली ती १९७८ मध्ये. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ हवेत जाते, हातांवर बसते, कपड्यांवरून घरात येते. शिसं लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं, आणि अशा कामाच्या भोवती मुलंच गोळा होतात. माझी नातही झाली होती. घासायचंच असेल तर पाणी लावून घासा, नाकावर धुळीचा चांगला मास्क लावा, मुलांना लांब ठेवा, चिखल झालेला कागद आणि फडकी वेगळी बांधून टाका, आणि ते कपडे इतरांच्या कपड्यांत धुऊ नका. मी स्वतः रंग घासलाच नाही. सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस्स. धुळीखाली गडद लाल रंग निघाला, टाचेनं घासून जिथे उडाला होता तिथे उडालेलाच ठेवला. त्या जागी एखादं मूल पाय टेकत असणार. नवा रंग केव्हाही देता येतो, जुना परत आणता येत नाही.

गंजासाठी धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि बॅटरी चार्जर ही युक्ती लेखात आहे. ती उत्तम आहे, पण तिथेही एक वाक्य हवं होतं. चार्जरचं ऋण टोक गंजलेल्या भागाला आणि धन टोक साध्या लोखंडाच्या तुकड्याला लावायचं. स्टेनलेस स्टील वापरायचं नाही, कारण त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. काम उघड्यावर करायचं, कारण हायड्रोजन वायू निघतो. ॲल्युमिनियमचा भाग त्यात कधी बुडवायचा नाही.

बोल्टबद्दल लेखात काहीच नाही. अमेरिकेत बनलेल्या जुन्या मिनीबाइकचे आटे इंची असतात. इंजिन चौकटीला धरणारे माझे चार बोल्ट अडीच सुती, म्हणजे पाच सोळांश इंच, ७.९४ मिलिमीटर. हाताशी असलेला आठ मिलिमीटरचा बोल्ट जवळजवळ तेवढाच, एक आटा अगदी गोडीनं आत जातो. दुसऱ्या आट्यापासून अडतो, कारण आट्यांमधलं अंतर वेगळं: आठ मिलिमीटरच्या बोल्टचं सव्वा मिलिमीटर, इंची बोल्टचं १.४१. तिथे पान्याचा जोर लावला की ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे सोलून बाहेर येतात. बोल्ट बोटांनी तीन-चार आटे आत गेला पाहिजे, नाही गेला तर तो त्या भोकाचा नाही. कारखान्यात नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच दाखवत असे.

क्लच उघडलात तर आतल्या बुशला तेलाचे दोन थेंब द्या, पण क्लचच्या पकड घेणाऱ्या शूजना तेल लागू देऊ नका. साखळी सैल-घट्ट तपासताना इंजिन बंद आणि प्लगची वायर काढलेली असू द्या. चौकटीच्या सांध्यांवर, विशेषतः हँडलच्या मानेजवळ, रंगाला केसासारखी बारीक रेघ दिसते का ते उजेडात बघा. तशी रेघ असेल तर ती गाडी कुणालाही चालवायला देऊ नका, वेल्डिंग जाणणाऱ्याला दाखवा. आणि रस्त्यावर नेऊ नका. दिवे नाहीत, पुढे ब्रेक नाही, मोटारीत बसलेल्याला इतकी ठेंगणी गाडी दिसतही नाही. बंदिस्त मोकळी जागा, डोक्याला हेल्मेट, पायात बूट.

संपादक महाशय, आपल्याला दोन विनंत्या आहेत. शिशाच्या धुळीबद्दलची आणि गव्हर्नर न काढण्याबद्दलची सूचना पुढच्या पुरवणीत ठळकपणे छापावी, कारण पहिला लेख कात्रण काढून ठेवलेले वाचक असणार. आणि लेखकांना जमलं तर त्यांनी काढून टाकलेल्या त्या जुन्या इंजिनाच्या फ्लायव्हीलखालची की एकदा नखानं चाचपून पाहावी. ते इंजिन अजून त्यांच्याकडे असेल तर.

आपला,
एक नियमित वाचक
(निवृत्त फिटर)